दगड, सूची आणि नोंदवही
आग्र्याच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या निमित्ताने एक परीक्षण

जुन्या शहरातील ख्रिस्ती दफनभूमी आणि तेथील मृतांच्या नोंदी शोधण्याच्या कामाकडे आपल्याकडे फारसे गंभीरपणे पाहिले जात नाही. कोणी परगावी गेलेल्या कुटुंबातील नातू आजोबांच्या थडग्याचा ठावठिकाणा विचारतो, कोणी अभ्यासक जुन्या लेखाची प्रत मागतो, तर कोणी दफनभूमीच्या जागेवर हक्क सांगण्यासाठी अथवा तो नाकारण्यासाठी कागद मागतो. हे सारे प्रश्न अखेरीस धर्मगुरूच्या मेजावर किंवा धर्मशिक्षकाच्या दारात येऊन थांबतात. आपणांपैकी बहुतेक जण अशा वेळी कपाटातील एखादे छापील पुस्तक काढून देतात किंवा विचारणाऱ्यास दफनभूमीचा रस्ता दाखवतात. या पुस्तकांची आणि या दगडांची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, ती कोणाविषयी बोलते आणि कोणाविषयी गप्प राहते, हा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचे आम्ही योजिले आहे.

मृताचा शोध घेणाऱ्यापुढे तीन साक्षीदार उभे असतात. पहिला थडग्यावरचा दगड, दुसरा त्या दगडांवरून तयार केलेली छापील सूची आणि तिसरा धर्मग्रामाची मृत्युनोंदवही. सर्वसाधारण समजूत अशी की दगड हा मूळ पुरावा, सूची हे त्याचे विश्वासू प्रतिरूप आणि नोंदवही म्हणजे कारकुनी उपचार. आमच्या मते हा क्रम उलटा लावला पाहिजे. उदाहरण म्हणून आम्ही आग्रा शहर निवडले आहे. उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी एक तेथे आहे. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर शिंद्यांच्या अंमलाखाली होते, आणि त्यांच्या चाकरीतील एका सेनाधिकाऱ्याचे थडगे तेथील सर्वांत ठळक वास्तू होऊन बसले आहे. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांस त्यामुळे हा विषय परका वाटू नये.

१

आग्र्याची जुनी कॅथोलिक दफनभूमी शहराच्या उत्तरेस, लष्करपूर भागात आहे. तिचा आरंभ अकबर-जहांगीर यांच्या काळातील ख्रिस्ती वस्तीशी जोडलेला आहे. मोर्तेनेपुस किंवा मार्टिरोझ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या नावे असलेले इ. स. १६११ मधील प्रार्थनामंदिर तेथे उभे आहे. त्याच मंदिरात व त्याच्या आसपास येशूसंघाच्या अनेक धर्मगुरूंना मूठमाती मिळाली. त्यामुळे लोक त्या जागेला ‘पाद्री सांतोस’ म्हणू लागले, आणि ख्रिस्ती नसलेले नगरवासीही तेथे मेणबत्त्या लावू लागले.

या एकाच भूमीवरील लेखांचे वाचन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन निरनिराळ्या माणसांनी केले. १९०७ साली येशूसंघीय संशोधक फादर हॉस्टन यांनी उत्तर हिंदुस्थानातील येशूसंघीय धर्मगुरू व आग्र्यातील त्यांचे कबरलेख यांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. १९११ साली मुलकी सेवेतील अधिकारी ई. ए. एच. ब्लंट यांनी आग्रा व अवध या संयुक्त प्रांतांतील ‘ऐतिहासिक महत्त्वाच्या’ ख्रिस्ती थडग्यांची व स्मृतिफलकांची सूची अलाहाबादच्या सरकारी छापखान्यातून काढली. १९३७ साली कलकत्त्याचे मेस्रोव्ह जेकब सेठ यांनी हिंदुस्थानातील आर्मेनियनांचा आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध करताना आग्र्यातील आर्मेनियन लेखांना त्यात मोठी जागा दिली.

या तीन कृती शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. हॉस्टन यांना तेथे धर्मगुरू सापडले, ब्लंट यांना इतिहासातील नामवंत सापडले आणि सेठ यांना आर्मेनियन सापडले. प्रत्येकास आपापली माणसे सापडली. यात कोणाचीही लबाडी नाही. तिघेही कष्टाळू व प्रामाणिक होते. परंतु दफनभूमीत शिरणारा मनुष्य आपल्याबरोबर एक प्रश्न घेऊन शिरतो, आणि त्या प्रश्नाच्या उजेडात जेवढे दगड येतात तेवढेच तो वाचतो. चौथा गट, म्हणजे या मातीतलेच ख्रिस्ती, धर्मगुरूंचे स्वयंपाकी, सैनिकांच्या हिंदुस्थानी बायका, व्यापाऱ्यांचे चाकर, दुष्काळात पोरकी झालेली मुले, हा तिघांपैकी कोणाचाच विषय नव्हता. त्यांच्यासाठी लेखणी उचलली गेली नाही.

२

टीका करण्यापूर्वी ब्लंट यांच्या सूचीचे ऋण मान्य करणे आमचे कर्तव्य आहे. वालुकाश्मावरील अक्षरे ऊन-पावसात झिजतात, पापुद्र्यांनी गळून पडतात. चुन्याच्या गिलाव्यात बसवलेला फलक निसटतो, फुटतो, पायरीला लागतो. शतकापूर्वी ज्या ओळी कागदावर उतरल्या त्यांपैकी कित्येकांचे दगड आज वाचता येत नाहीत. अशा ठिकाणी सूची हीच मूळ साधन ठरते.

ब्लंट यांच्या परिश्रमाचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे जॉन मिल्डेनहॉल या इंग्रज व्यापाऱ्याचे थडगे. एलिझाबेथ राणीचे पत्र घेऊन अकबराच्या दरबारी आलेला हा मनुष्य जून १६१४ मध्ये अजमेर येथे मरण पावला व त्याचे दफन आग्र्यास झाले. उत्तर हिंदुस्थानातील ज्ञात इंग्रज थडग्यांत हे सर्वांत जुने मानले जाते. परंतु ते इतकी वर्षे लोकांच्या दृष्टीआड का राहिले? दगडावरचा लेख पोर्तुगीज भाषेत आहे, आणि त्यात मृताचे नाव ‘जोआं दे मेंदेनाल’ अशा थाटाचे आहे. ‘मिल्डेनहॉल’ हा शब्द शोधीत फिरणाऱ्यास ते कसे दिसावे? ब्लंट यांनी १९०९ च्या सुमारास तो दगड ओळखला, कारण उच्चारावरून नाव ताडण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती.

या एका उदाहरणात शोधकाचा पहिला धडा सामावलेला आहे. जुन्या शहरात नाव हे एका भाषेत राहत नाही. त्याच दफनभूमीत अष्टकोनी घुमटाखाली विसावलेला, १७७८ साली आग्र्यात वारलेला वॉल्टर राइनहार्ट लोकांच्या तोंडी ‘समरू’ झाला, आणि त्याच नावाने त्याची विधवा इतिहासात गेली. या स्त्रीचा स्नानसंस्कार १७८१ साली आग्र्यातच झाला व तिला जोआन्ना हे नाव मिळाले. जन्माचे नाव फर्जाना, संस्काराचे नाव जोआन्ना, दरबारी किताब झेबुन्निसा आणि जनतेची बेगम समरू अशी चार नावे एकाच व्यक्तीची. राज्य करणाऱ्या स्त्रीची ही चारही नावे इतिहासाने जपली. तिच्या दासीने स्नानसंस्कार घेतला असेल तर तिचे जुने नाव व नवे नाव यांचा सांधा नोंदवहीखेरीज दुसरे कोण जुळवणार?

दुसरा धडा तिथीचा. आग्र्यातील दगडांवर निरनिराळ्या कालगणना आढळतात. आर्मेनियन लेखातील वर्ष त्यांच्या शकाचे असते. त्यात ५५१ मिळविल्यावर इसवी सन येतो. फारसी मजकुरात हिजरी सन असू शकतो, आणि चांद्रवर्ष लहान असल्यामुळे तेथे नुसत्या बेरजेने भागत नाही. कॅथोलिक धर्मगुरू १५८२ पासून सुधारलेल्या ग्रेगरी पंचांगाने चालत, तर इंग्रजांनी ते पंचांग १७५२ पर्यंत स्वीकारले नव्हते. म्हणून सतराव्या शतकात एकाच दिवसाची पोर्तुगीज तारीख व इंग्रज तारीख यांत दहा दिवसांचे अंतर पडे. हे न जाणता दगड आणि कागद ताडून पाहणारा शोधक एका मृताचे दोन मृत करील, किंवा खऱ्या नोंदीस खोटी म्हणेल.

३

आता शिंद्यांच्या सेनाधिकाऱ्याच्या थडग्याकडे वळू. जॉन विल्यम हेसिंग हा डच मनुष्य महादजी शिंद्यांच्या फौजेत शिरला, पुढे आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी झाला आणि जुलै १८०३ मध्ये तेथेच वारला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लेकच्या इंग्रज फौजेने किल्ला घेतला व शिंद्यांचा अंमल संपला. हेसिंगच्या पत्नीने, ॲनने, तांबड्या दगडात ताजमहालाची लहान प्रतिकृती वाटावी असे थडगे त्याच्यासाठी उभारले. प्रवासी ते पाहण्यास जातात, चित्रे काढतात, आणि तेवढ्यावरून दफनभूमी पाहिली असे समजतात.

थडगे सुंदर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु परीक्षकाने विचारावे ते हे : शिंद्यांच्या कवायती पलटणींत ख्रिस्ती अधिकारी होते, तसे त्यांच्या कुटुंबांतील ख्रिस्ती माणसेही होती. त्यांची मुले होती, नोकरचाकर होते, तोफखान्यात राबणारे मिश्र रक्ताचे लोक होते. सरदाराच्या थडग्यास घुमट मिळाला. तोफ ओढणाऱ्यास फार तर लाकडी क्रूस मिळाला असेल, आणि लाकूड चार पावसाळ्यांत कुजते. दगडाचे टिकणे हे मृताच्या पुण्याईचे नव्हे, त्याच्या मागे राहिलेल्यांच्या ऐपतीचे द्योतक असते. म्हणून केवळ दगडांवरून एखाद्या शहराच्या ख्रिस्ती मंडळीचे चित्र काढणे म्हणजे वाड्यांवरून गावाची लोकसंख्या ठरविण्यासारखे आहे. आणि ब्लंट यांच्या सूचीने या असमानतेवर दुसरी असमानता चढविली. ज्यांना दगड मिळाला त्यांतूनही ‘ऐतिहासिक महत्त्वाचे’ तेवढे निवडले. महत्त्व कोणी ठरवायचे? सरकारी छापखान्यातून निघणाऱ्या पुस्तकात ते राज्यकर्त्यांच्या इतिहासाने ठरले : लढाया, वकिलाती, सनदा, हुद्दे.

ही मर्यादा एकट्या ब्लंट यांची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. बंगालची सूची १८९६ साली विल्सन यांनी केली, मद्रासची १९०५ साली कॉटन यांनी. त्या दोन्हींच्या शीर्षकांतही ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय महत्त्वाची अट आहेच. मध्यप्रांत व वऱ्हाडची सूची क्रॉफ्टन यांनी १९३२ साली आणि निजामाच्या राज्याची १९४१ साली प्रसिद्ध केली; राजपुताना व मध्य हिंदुस्थान यांचीही त्यांनीच केली. नागपूर, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर येथील आमच्या वाचकांच्या हाती याच मालिकेतील पुस्तके पडण्याचा संभव अधिक. ती अवश्य वापरावीत; परंतु ‘सूचीत नाही, म्हणून दफन झालेच नाही’ हा निष्कर्ष त्यांवरून कधीही काढू नये.

ब्लंट यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. ज्या १९११ साली ही सूची निघाली, त्याच १९११ साली संयुक्त प्रांतांची खानेसुमारी त्यांच्याच देखरेखीखाली झाली व तिचा अहवाल त्यांनीच लिहिला. एका हाताने त्यांनी प्रांतातील प्रत्येक मनुष्य मोजला, दुसऱ्या हाताने काही निवडक मृतांची नावे लिहिली. खानेसुमारीच्या अहवालात सर्वांना जागा असते, पण नाव कोणालाच नसते. सूचीत नाव असते, पण ते थोड्यांनाच. सर्वांना जागा आणि प्रत्येकाला नाव, ही दोन्ही कामे एकत्र करणारा एकच कागद या जगात आहे, आणि तो म्हणजे धर्मग्रामाची नोंदवही. सरकारने केले नाही आणि विद्वानांनी केले नाही ते काम ख्रिस्तसभेने आपल्या धर्मगुरूंवर सोपविले आहे. त्याचा पडताळा आता घेऊ.

४

मृत्युनोंदवहीचा इतिहास थोडक्यात असा. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली व स्नानसंस्काराच्या नोंदीचाही उल्लेख केला. १६१४ साली पाचवे पौल या परमगुरूंच्या काळी निघालेल्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदवहीचा नमुना घालून दिला. मिल्डेनहॉलचा मृत्यू ज्या साली झाला त्याच साली हे घडावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने दफनानंतर लिहावयाच्या बाबी स्पष्ट केल्या : मृताचे नाव व वय, आईबापांचे अथवा पतीचे किंवा पत्नीचे नाव, मृत्यूची वेळ, कोणते संस्कार कोणी दिले ते, आणि दफनाचे स्थळ व वेळ. १९८३ च्या संहितेने नोंद करण्याचे बंधन कायम ठेवले, मात्र तपशील स्थानिक नियमांवर सोपविला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही हीच शिस्त आहे. इंग्लंडमध्ये १५३८ पासून नोंदवह्या ठेवण्याची आज्ञा होती, आणि १८१२ च्या कायद्याने छापील रकान्यांची दफननोंदवही सर्वत्र लागू केली. कंपनीच्या चाकरीतील धर्मगुरू आपल्या नोंदींच्या प्रती इलाख्याच्या ठिकाणी पाठवीत व तेथून त्या लंडनला जात. बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांच्या अशा प्रती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या आहेत. आग्रा बंगालच्या धर्मव्यवस्थेत मोडत असल्यामुळे तेथील इंग्रज दफनांच्या नोंदी बंगालच्या विभागात शोधाव्या लागतात. आजच्या प्रांतांच्या नकाशावरून जुने कागद शोधू जाणारा हमखास चुकतो, हा तिसरा धडा.

या नोंदवह्यांतही दोष आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पहिला दोष अनुक्रमणिकेचा. प्रतींच्या अनुक्रमणिका आडनावावरून लावलेल्या असतात. ज्याला आडनाव नाही तो त्यांत हरवतो. १८३७-३८ च्या भीषण दुष्काळानंतर सिकंदरा येथे, मरियम-उझ्-झमानीच्या कबरीच्या वास्तूत, चर्च मिशनने अनाथालय उघडले व शेकडो मुले तेथे वाढली. अशा मुलांस आडनाव कोठून असणार? त्यांस मिळालेले ख्रिस्ती नाव एकच, तेही दहा जणांत सारखे. त्यांपैकी एखाद्याची नोंद शोधावयाची तर अनुक्रमणिका बाजूस सारून पाने एकामागून एक वाचीत जावे लागते. यास दुसरा उपाय नाही.

दुसरा दोष स्थळाचा. संहितेने दफनाचे स्थळ लिहावे असे सांगितले, पण पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ नुसता ‘येथील दफनभूमीत’ एवढाच घेतला गेला. कोणती रांग, कोणता कोपरा, कोणाच्या शेजारी, हे काही नाही. परिणामी मृत नोंदवहीत सापडतो आणि भूमीत सापडत नाही. दफनभूमी एकच असते असेही नाही. १८५७ च्या उठावात इंग्रज आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले गेले असताना वायव्य प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन ९ सप्टेंबर रोजी वारले. बाहेर नेणे अशक्य म्हणून त्यांस किल्ल्यातच, दिवाण-इ-आमपुढे, पुरण्यात आले. त्यांचे थडगे आजही तेथे दिसते. वेढा, साथ आणि दुष्काळ यांच्या दिवसांत दफने नेहमीच्या जागी होत नाहीत. अशा वर्षांच्या नोंदी वाचताना दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पाहिले पाहिजे.

तिसरा दोष स्त्रियांच्या नोंदींचा. ‘अमक्याची पत्नी’, ‘अमक्याची विधवा’ एवढ्यावर नोंद संपते, आणि तिचे स्वतःचे नाव लिहायचे राहून जाते. हेसिंगचे थडगे बांधणाऱ्या ॲनचे नाव आपल्यास ठाऊक आहे, कारण तिच्यापाशी घुमट उभारण्याइतके धन होते. जिच्यापाशी ते नव्हते तिचे नाव लिहिण्यास फक्त शाई लागली असती.

तरीही हे तिन्ही दोष हाताचे आहेत, रचनेचे नाहीत. नोंदवही मृतास त्याचा हुद्दा विचारीत नाही. सेनापतीस एक ओळ, आणि चार दिवसांच्या अर्भकासही एकच ओळ. म्हणून आम्ही म्हणतो की साक्षीदारांचा क्रम उलटा लावावा : आधी नोंदवही, मग सूची, आणि शेवटी त्या दोहोंच्या आधाराने दगड.

५

हा विषय केवळ इतिहाससंशोधनाचा असता तर या पृष्ठांवर त्यास इतकी जागा देण्याचे कारण नव्हते. पण पवित्र शास्त्र दफनाच्या नोंदीकडे कसे पाहते, हे पाहण्यासारखे आहे. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात साराच्या दफनासाठी आब्राहाम मकपेलाची गुहा एफ्रोन हित्तीकडून चारशे शेकेल रुपे तोलून विकत घेतो. तेथे शास्त्रकर्ता शेत, गुहा, शेतातील झाडे, चतुःसीमा आणि वेशीत जमलेले साक्षीदार हे सारे एखाद्या खरेदीखताप्रमाणे लिहून ठेवतो. परदेशी म्हणून राहणाऱ्या कुलपित्यास वचनदत्त देशात जी पहिली जमीन मालकीने मिळाली ती दफनभूमी होती, आणि तिचा कागद शास्त्रातच आहे. ज्यांच्या दफनभूमीच्या सीमा आज वादात आहेत त्यांनी हा अध्याय महसुली कागद वाचतो त्याच बारकाईने वाचावा.

त्याहून अधिक बोलका आहे तो पस्तिसावा अध्याय. त्यात दोन स्त्रियांची दफने आहेत. एफ्राथाच्या वाटेवर राहेल वारते व याकोब तिच्या कबरेवर स्तंभ उभा करतो. हे आपण सर्व जाणतो, प्रवचनांत सांगतो. पण त्याच अध्यायात थोडे आधी आणखी एक नोंद आहे : रिबकेची दाई दबोरा मरण पावली, तिला बेथेलच्या खालच्या बाजूस एका अल्लोन वृक्षाखाली पुरले आणि त्या ठिकाणास रुदनाचे नाव पडले. कुलाची कथा सांगणाऱ्या ग्रंथात एका दाईचे दफन नावासह, स्थळासह आणि शोकासह नोंदले गेले आहे. तिला स्तंभ मिळाला नाही, वृक्ष मिळाला. वृक्ष केव्हाच गेला असेल, पण तिचे नाव राहिले, कारण कोणीतरी ते लिहिले.

‘ऐतिहासिक महत्त्व’ ही कसोटी लावली असती तर दबोरा गळली असती. राहेल तेवढी उरली असती. आमच्या दृष्टीने ब्लंट यांच्या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो ज्ञानाचा जितका आहे तितकाच श्रद्धेचाही आहे. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी सभा मृतांत महत्त्वाचे व बिनमहत्त्वाचे अशी वर्गवारी करू शकत नाही. कोणी येथे असा प्रश्न करील की, देवाच्या पुस्तकात सर्वांची नावे असताना आपल्या वहीची काय मातब्बरी? मोशेची कबर तर कोणासच ठाऊक नाही, आणि त्यामुळे त्याचे काही उणे झाले नाही. आक्षेप खरा आहे. मृताचे तारण आपल्या शाईवर अवलंबून नाही. परंतु नोंदवही मृतासाठी लिहिली जाते त्याहून अधिक ती जिवंत मंडळीसाठी लिहिली जाते. ज्यांची नावे आपण लिहीत नाही त्यांना आपण जिवंतपणीही मोजले नव्हते, हे पुढच्या पिढीस त्या कोऱ्या पानावरून स्पष्ट वाचता येते.

६

या परीक्षणातून व्यवहारात काय निष्पन्न होते, ते सांगून आम्ही हा लेख आटोपता घेतो.

आपल्या गावातील जुन्या मृतांचा शोध घ्यावयाचा झाल्यास धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीपासून आरंभ करावा. ती नसेल अथवा वाळवीने खाल्ली असेल तर स्नानसंस्कार व विवाह यांच्या वह्या पाहाव्यात. विधुराच्या किंवा विधवेच्या पुनर्विवाहाच्या नोंदीत आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा धागा सापडतो. त्यानंतर धर्मप्रांताच्या दप्तरातील व इलाख्याच्या जुन्या व्यवस्थेतील प्रतींचा माग काढावा. मग छापील सूची उघडावी, आणि तिची अट काय होती हे शीर्षकातच वाचून घ्यावे. नाव एकाच अक्षररूपात न शोधता पोर्तुगीज, इंग्रजी, फारसी व मराठी उच्चारांनी शोधावे. दफनभूमीच्या जागेसाठी महसुली नकाशे व जुन्या सनदा पाहाव्यात. येशूसंघास मिळालेली मोगल फर्माने व सनदा फादर फेलिक्स यांनी १९१६ साली प्रसिद्ध केल्या, त्यावरून अशा कागदांचे मोल कळते. शेवटी दगडापाशी जावे, तेही सकाळी किंवा उन्हे कलताना, कारण तिरप्या उजेडातच झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगड घासू नये, आम्लाने धुऊ नये, अक्षरांत खडू भरू नये.

लंडन येथे १९७६ साली स्थापन झालेली दक्षिण आशियातील दफनभूमींविषयीची संस्था गावोगावच्या युरोपीय थडग्यांच्या नोंदी गोळा करून प्रसिद्ध करीत आली आहे. तिचे काम उपयुक्त आहे. पण ज्यांची नातवंडे लंडनमध्ये नाहीत त्यांची थडगी शोधण्यास लंडनहून कोणी येणार नाही. ते काम आपले आहे. प्रत्येक दफनभूमीचा एक साधा आराखडा काढावा, रांगांना आकडे द्यावेत, आणि गावातील वृद्धांना बरोबर घेऊन कोण कोठे आहे ते लिहून घ्यावे. जेथे जागेच्या टंचाईने कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडल्या जातात व अस्थी भिंतीतील कोनाड्यात अथवा अस्थिकुंडात हलविल्या जातात, तेथे हलविल्याची तारीखही त्याच ओळीपुढे नोंदवावी. गोव्यातील धर्मशिक्षकांस या सूचनेचे महत्त्व सांगण्याची गरज नाही.

आणि उद्या होणाऱ्या दफनाची नोंद त्याच दिवशी करावी. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने सरकारदरबारी मृत्यूची नोंद होते, म्हणून आपली वही अनावश्यक झाली असे समजू नये. सरकारी दाखला मृत्यू कोठे झाला ते सांगतो, मृत कोठे विसावला ते आपली वही सांगते. तीत मृत स्त्रीचे स्वतःचे नाव आधी लिहावे, पतीचे नंतर. स्नानसंस्काराचे नाव लिहावे आणि ज्या नावाने शेजारी हाक मारीत तेही लिहावे. रांग व क्रमांक लिहावा. अनोळखी प्रेत पुरले असेल तर ‘अनोळखी’ एवढ्यावर न थांबता ते कोठे सापडले, अंगावर काय होते, अंदाजे वय काय, हे नोंदवावे; पुढे कधीतरी त्याचे कोणी विचारीत आले तर त्याला ओळखीची एवढीच खूण मिळणार आहे.

आग्र्यातील हेसिंगचा तांबडा घुमट पाहण्यास लोक येत राहतील, आणि यावेत. पण त्या भूमीत दगडाविना निजलेल्यांची मंडळी त्या घुमटाहून कितीतरी मोठी आहे. आपल्या हातून लिहिली जाणारी वही तरी त्यांच्यासारख्यांना नावानिशी ओळखील, एवढी काळजी घेणे आपल्या अधिकारात आहे.